पांढऱ्यावर पांढरे

व्यापारी संघाचे आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती संकेतस्थळ-सल्लागार साहेब, आणि मागच्या रांगेतून मला 'आटोपतं घे' अशी खूण करणारे माझे मामा,

साहेब आपल्याला सोडून एका मोठ्या कंपनीत चालले आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. चार पुरेसे होते; परंतु साहेबांच्या सहवासात एकच शब्द वारंवार म्हणण्याची सवय जडते, तेव्हा थोडे सोसून घ्यावे.

मामांचे श्रवणयंत्रांचे दुकान आपणांस ठाऊक आहे. समोर उड्डाणपूल उभा राहिला आणि दुकानाची पाटी दिसेनाशी झाली. लोक आता फोनवरच शोधतात, म्हणून मामांनी संकेतस्थळ काढायचे ठरवले. तेही चालले नाही तर वर्षअखेरीस दुकान आवरायचे, असे मामीला सांगून ठेवले होते. साहेबांनी धीर दिला, "मामा, निर्धास्त राहा. फोनवर कुणीही शोधलं, की पहिल्या पानावर पहिलं नाव तुमचं."

पहिल्या नावाची हमी! शोधयंत्र काय साहेबांच्या सासऱ्यांनी आंदण दिले होते?

पानाचा मथळा त्यांनी दिला, 'परिपूर्ण श्रवण-समाधान'. मी भीत भीत विचारले, की ज्याच्या आईला नीट ऐकू येत नाही, तो मनुष्य हे शब्द लिहून शोधेल का? तो 'आईला ऐकू कमी येतंय, काय करू' असेच विचारणार ना? साहेब प्रेमळपणे हसले. "ताई, तुमचं मराठी छान आहे, पण हे टेक्निकल असतं." त्या 'पण'वर मी प्रबंध लिहू शकेन.

पुढे कित्येक महिने दुकानातला फोन वाजला नाही. मग एके दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, मामांच्या जुन्या ग्राहक. बाईंची दृष्टी अधू आहे. फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतो आणि तो आवाज थेट त्यांच्या श्रवणयंत्रात उतरतो. यंत्राची निगा कशी राखावी हे पाहायला त्यांनी मामांनी पाठवलेल्या दुव्यावरून आमचेच पान उघडले होते.

"तुमचं यंत्र अडकलंय," बाई म्हणाल्या. "एकच शब्द घोकत बसतं. वर्गात असतं तर बाहेर उभं केलं असतं."

मामांनी यंत्र उघडले, पुसले, तपासले. दोष सापडेना. तेव्हा मी बाईंचा फोन कानाशी धरला. स्वस्त श्रवणयंत्र, उत्तम श्रवणयंत्र, जवळचे श्रवणयंत्र, पुन्हा स्वस्त श्रवणयंत्र... पडद्यावर मात्र कोरी पांढरी जागा. तिच्यावर बोट दाबून ओढले, आणि खालून अक्षरांची फौज उगवली. पांढऱ्यावर पांढरी अक्षरे! माणसाला दिसू नयेत, शोधयंत्राला मात्र भुलवावे, ही साहेबांची विद्या. शोधयंत्र इतके भोळे नसते. त्याने आमचे पानच निकालांतून काढून टाकले होते. दुकानाचे नाव जसेच्या तसे लिहिले, तरी दुकान सापडेना. साहेबांना विचारले, तर म्हणाले, "सगळेच करतात."

मग मी ती फौज पुसली. बाईंना शेजारी बसवून घेतले आणि लोक दुकानात येऊन जे विचारतात, तेच प्रश्न त्यांच्याच शब्दांत मथळ्यांना दिले. प्रत्येक चित्राखाली ते कशाचे आहे ते लिहिले. 'पुलाखाली, जिन्याला लागून' असा खरा पत्ता दिला. पान पुन्हा तपासावे अशी शोधयंत्राला विनंती केली आणि वाट पाहिली. कारण येथे वाट पाहण्याला पर्याय नसतो, तो फक्त विकणाऱ्याकडे असतो.

अखेर एक गृहस्थ आईला घेऊन आले. त्यांनी काय शोधले होते? 'आई टीव्ही फार मोठ्याने लावते'. त्या दिवशी मामांनी मामीला फोन करून एवढेच सांगितले, "आवरायचं नाही."

आता मुख्य कार्य. साहेबांना द्यायच्या मानपत्राचा मजकूर मी लिहिला आहे, छपाई मामांनी करवून घेतली आहे. अध्यक्ष महोदयांनी चौकट उलटीसुलटी करून पाहू नये. बाजू हीच बरोबर आहे. साहेबांचे सर्व गुण त्यावर छापलेले आहेत, पांढऱ्या कागदावर, पांढऱ्या शाईत.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मोठ्या मनाने तेही त्याच शाईत लिहिले आहे असे समजावे.