पोलिओच्या थेंबातला एक पीळ

नाही, पण मला सांगा बायांनो, ज्या रोगानं पोरांचे पाय जातात तोच रोग माझ्या पोराच्या तोंडात घालायचा म्हणजे काय? तोही त्याच्या दोर कापायच्या आदल्या दिवशी? पोर पहिली पावलं टाकायला लागलं की आपल्या किरगिझ रीतीनं आपण काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोरानं त्याचे पाय बांधतो, लोक शर्यतीत धावत येतात, पहिला येईल तो दोर कापतो आणि पोर जन्मभर नीट चालतं… आणि नेमकी तेव्हाच नर्सबाई दारात. "घाबरू नकोस चिनारा, यातला विषाणू जिवंत असला तरी लुळा केलाय." जिवंत म्हणाली ती. मी बेकटुरला उचललं आणि थेट मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. समोर लांडगा असता तर काठी तरी मारली असती, हे तर डोळ्याला दिसतही नाही.

मागोमाग आली माझी थोरली नणंद, जिपार एजे, म्हणजे जिपारताई. बिश्केकला प्रयोगशाळेत असते, समारंभासाठी आलेली. "मेंढ्यांना विचारून झालं असेल तर घरात ये." घरात तिनं काय करावं, तर सासूबाईंनी वळलेला तोच दोर घेतला, आणखी पीळ दिला, दोन्ही हात जवळ आणले आणि दोर आपला आपणच दुमडला की हो. गाठ नाही, काही नाही, नुसतं वेटोळं उभं.

"विषाणूचा धागा म्हणजे अक्षरांची माळ, ती अशीच स्वतःभोवती वळते. आपल्या पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र या वेटोळ्याला येऊन बिलगतं आणि विषाणूचाच माल बनवायला लागतं." असं म्हणून माझ्या बोटातली अंगठी काढून वेटोळ्यावर अडकवली. "हे यंत्र."

"ते यंत्र माझ्या आईचं आहे, जपून," सासूबाई म्हणाल्या.

"आणि लशीतल्या विषाणूचं या जागी एक अक्षर बदललंय." एजेनं नखानं एक पीळ सोडवला. वेटोळं ढिलं पडलं, अंगठी डुबुक करून सासूबाईंच्या चहात. "यंत्र नीट बसतच नाही. आतड्यात कसंबसं चालतं, तेवढ्यात शरीर विषाणूला ओळखून ठेवतं. मज्जातंतूत मात्र फार दमतं बिचारं."

एक अक्षर, बायांनो… शाळेत एक अक्षर चुकलं की मला छडी बसायची, आणि इथं एका अक्षरावर पोराचे पाय. कोणी शोधलं असेल हो, डोळ्याला दिसतही नाही ते? मी चहातून अंगठी काढून बोटात घातली. मग स्वतः नर्सबाईंना हाक मारली. बेकटुरनं थेंब चाटले आणि आणखी मागितले.

तरी एजे म्हणालीच, "काही आठवडे दुपटी बदललीस की हात धू. आतड्यात राहून ते अक्षर कधी कधी परत जागेवर येतं आणि विषाणू पुन्हा जोर धरतो. सगळ्या पोरांनी थेंब घेतले असले की त्याला पुढं वाट मिळत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी शर्यत जिंकून आलेल्या आमच्या मामांना मी अंगणातच अडवलं. "आधी हात धुवा."

"अगं, मी दोर कापायला आलोय, कणीक मळायला नाही."

"साबण लावून. डोळ्याला दिसतही नाही ते."

मामा कुरकुरत साबण चोळतायत, सासूबाई तळलेल्या बोरसोकांचं ताट घेऊन ताटकळल्यात, आणि बेकटुरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पाय झाडले. एजेनं पीळ सोडवला होता ना, तिथूनच पायांतला दोर ढिला पडून घसरला. पोर चालत चालत सरळ ताटापाशी.

आता सासूबाई म्हणतात, न कापताच चाललं, हट्टी निघणार. निघू दे… मला काय, अजून मामांचा दुसरा हात धुवायचाय.