आउटलुक: स्टेबल

हॅलो?… हां, बोल रे मुकुल!… कुठे?… चांगीला? इथल्या चांगी विमानतळावर? अरे मग आधी नाही का सांगायचं! मी पाया लेबारला ऑफिसात आहे, वीस मिनिटांत पोचते… बाहेर येता येत नाही? ट्रान्झिट? मग पुढे कुठे चाललायस?

…कुठे?

परत सांग. यांगून? म्यानमारचं यांगून?

थांब. थांब जरा, जिन्यात जाते मी. इथे सगळे बघतायत… हां, आता बोल. डोकं फिरलंय का तुझं?

…हो… प्रॉडक्शन मॅनेजर… तयार कपड्यांची फॅक्टरी… घर, गाडी, ड्रायव्हर… बरं… अरे, चाकणची नोकरी जाऊन सात महिने झाले, माहितेय मला! सविता बिचारी एकटी किती दिवस संसार ओढणार, तेही माहितेय. म्हणून आगीतून फुफाट्यात उडी मारायची?… आईला माहितेय? आणि मला नाही?… ताई आडवी येईल म्हणून? बरोबर! आलेच असते! सख्खा भाऊ आहेस, आडवी नको येऊ?

…काय वाचलंस?

…कुणाचा रिपोर्ट?

…आमचा, म्यानमारच्या अर्थव्यवस्थेवरचा. तुला कुणी दिला?… त्यांच्या एचआरनं. ‘आउटलुक स्टेबल.’ हो, माहितेय काय लिहिलंय ते… आणि शेवटच्या पानावर माझं नाव दिसलं म्हणून सही केलीस? शकुन? कसला शकुन रे, गाढवा!

नाही, ओरडत नाहीये. ऐक. अरे ऐक ना! बोर्डिंगला किती वेळ आहे?… पंचवीस मिनिटं. पुष्कळ झाली.

आमच्याकडे थिरी म्हणून एक मुलगी आहे, यांगूनचीच. माझ्या शेजारी बसते. दर सोमवारी सकाळी आईला फोन लावते. तांदूळ कितीला, तेल कितीला, लाइट किती तास होती. त्यावर आमचे आकडे. सरकारी आकड्यांवर तिथलं शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. तर मागच्या महिन्यात तिनं फोन ठेवला आणि बसून राहिली. म्हटलं, काय गं? तर तिचा भाऊ, तेवीस वर्षांचा. सायकलचं पंक्चर काढायला गेला होता, कोपऱ्यावरून उचलला. सैन्यात घालायला. कायदाच केलाय त्यांनी तसा. आणि ही पोरगी काय करते, माहितेय? नाक पुसलं आणि तांदळाचा भाव टाकला तक्त्यात. रिपोर्ट मंगळवारी जायचा होता ना!

…तुला नाही रे उचलणार, तू परदेशी. पण तुझ्या मशीनवर बसणारी पोरं? ती कुठून आणशील? निम्मी थायलंडला पळाली, उरलेली माळ्यावर लपलीत. लाइट नाही, जनरेटरला डिझेल नाही, डिझेलला डॉलर नाहीत. निम्मा देश तर सैन्याच्या हातातही नाही, तिथे बाँब पडतायत… निवडणूक? झाली की! जे निवडून आले असते त्यांना उभंच राहू दिलं नाही. गणवेश उतरवून शर्ट घातले, माणसं तीच… चार-पाच वर्षांत? दहा वर्षांत नाही सुधारत, मुकुल. हे मी बाहेर कुणाला बोलत नाही, तुला सांगतेय.

…मग लिहिलं कशाला?

…नाही, मी तसं नव्हतं लिहिलं. म्हणजे… लिहिलं मीच. आधी ‘निगेटिव्ह’ होतं. डिरेक्टर म्हणाला, गुंतवणूकदारांची बैठक आहे, एवढं काळंकुट्ट कोण विकत घेणार? ‘स्टेबल’ कर. आता याहून खाली काय जाणार, म्हणजे स्टेबलच की. हसला वर… हो, केलं. अप्रूव्हचं बटण मीच दाबलं… भांडले होते रे!… दहा मिनिटं असेल.

…काय? लिहून देऊ?… ऑफिसच्या मेलवरून? ‘हा रिपोर्ट चुकीचा आहे’ असं?… ते दाखवलंस की कंपनीवाले नोकरीच्या बाँडमधून सोडतील?… आणि आत्ता, गेटवरून परत फिरशील? सवितेची शपथ?

…

…ऐकतेय ना मी. अरे, विचार तर करू दे! राजसची नोकरी मार्चमध्ये गेली, माहितेय ना तुला? नवऱ्याचा इथे राहायचा पास, लेकीचा, ऋग्वेदाचा पास, सगळं माझ्या पासवर. आणि माझा पास या नोकरीवर. असं मेल गेलं की संध्याकाळी मी घरी. मग महिन्याभरात वुडलँड्सचा फ्लॅट गुंडाळायचा. पोरीची मोठी परीक्षा आहे यंदा… नाही, नाही म्हणत नाहीये! फक्त… माझ्या जीमेलवरून पाठवू?… हो. खरंय. त्याला कोण विचारतो.

…

…हसतोस काय?… असं नको ना बोलूस… हो, तूही पोटासाठी, मीही पोटासाठी. अगदी खरं. पण तू तिकडे जाणार आणि मी इथे एसीत बसणार, हे सारखं कसं रे? मला भीती वाटतेय, मुकुल. आणि लाज वाटतेय. आई विचारेल, तू होतीस ना तिथे, अडवलं का नाहीस? काय सांगू तिला?

…नाव पुकारलं? तुझं? पंचवीस मिनिटं झाली पण?

…बरं. बरं, ऐक. निदान हे तरी ऐक. फेसबुक काढून टाक आत्ताच, विमानात बसायच्या आधी. रस्त्यात अडवून फोन उघडून बघतात. व्हीपीएन असेल तर तेही काढ. सैनिकांचा फोटो नाही, चुकूनसुद्धा नाही. अंधार पडल्यावर घराबाहेर पाय टाकायचा नाही. आणि मी तुला तिकडच्या बातम्या पाठवायचे बघ, ते मेसेज पूस. सगळे पूस.

…तो? नाही, तो राहू दे. रिपोर्ट राहू दे फोनमध्ये… हो, कुणी अडवलं तर तोच उघडून दाखव. त्यांना खटकेल असं एक अक्षर नाहीये त्यात.

…हो रे. शेवटचं पानही दाखव. सांग, बहीण आहे म्हणून.

जा. गेट बंद करतील. ठेवते मी.