लॉटी आत, आई बाहेर

(१९३१. कॅलिफोर्नियातल्या एका फिल्म स्टुडिओचं आवार. सर्कशीतल्या कलाकारांना घेऊन इथे एक भयपट निघतोय. दुपारची सुट्टी, कँटीनच्या दारासमोर.)

ओटो: मी मुद्दाम नाही केलं, वर्ना. तुझ्या लॉटीची शपथ.

वर्ना: पोरीला मध्ये आणू नका, ओटोकाका. काय केलंत ते सांगा.

ओटो: काल आत सूप घेऊन बसलो. सगळे खायचे थांबले नि टकामका बघायला लागले. तीस वर्षं सर्कशीत काढलीत गं! लोक बघायला लागले की अंग आपोआप उभं राहतं. चढलो खुर्चीवर नि सुरू झालो, "या मंडळी, या! उंची अवघी अठ्ठावीस इंच, अक्कल मात्र पुऱ्या मापाची!" शेवटी कमरेत वाकून सलामसुद्धा ठोकला.

वर्ना: अगं बाई! मग?

ओटो: एक टाळी नाही. निळ्या झग्यातली ती नटी तोंडाला रुमाल लावून पळाली. हसू नकोस! तो बघ, स्टुडिओचा मॅनेजर पेंडलटन कागद घेऊन येतोय.

पेंडलटन: बरं झालं, दोघं एकत्रच भेटलात. हे बघा, वरून हुकूम आलाय. आजपासून तुम्हा सर्कसवाल्यांचं जेवण तबेल्यामागे, तंबूत. हे कबूल आहे अशी इथे सही करायची.

ओटो: द्या. चूक माझी आहे. ही घ्या सही.

वर्ना: काका, घाई कसली? साहेब, तबेल्यामागे धूळ किती असते, बघितलंत कधी? झोळीतली ही माझी लॉटी सात महिन्यांची आहे. चार दिवस खोकतेय. सारखी तिच्या छातीला कान लावून बघते मी.

पेंडलटन: बाळाचा प्रश्नच नाही, बाई. कपडेपटातल्या मिसेस हॉल्ट तिला आत बसून दूध पाजतील. बाळाला कुणाची हरकत नाही. ती... म्हणजे... सगळं नीट आहे ना तिचं.

वर्ना: दोन्ही हात आहेत, आईसारखी बिनहाताची नाही, असंच ना?

पेंडलटन: मी तसं म्हटलं नाही.

ओटो: म्हटलंत की!

वर्ना: ही जन्मली तेव्हा सुइणीनं आधी हिचे हात दाखवले मला. मी आनंदानं रडले. त्या रडण्याची अजून लाज वाटते, साहेब. त्या दिवसापासून हिला मी या पायांनी न्हाऊ घातलंय, लंगोट बदललेत, बाटली धरलीय. माझ्या पायाचा अंगठा धरल्याशिवाय ही झोपत नाही. आज ही आत आणि मी बाहेर बसले, तर ही हेच शिकेल, की आईला बाहेर ठेवायचं असतं.

पेंडलटन: बाई, समजून घ्या. हा बोलपट काढायलाच स्टुडिओतल्या अर्ध्या लोकांचा विरोध आहे. सही नसेल तर दुपारच्या प्रसंगातून तुम्हाला काढतील. असं काम परत मिळायचं नाही.

ओटो: वर्ना, विचार कर जरा.

वर्ना: केला. साहेब, पडद्यावर मला बघून लोकांनी घाबरायचंय ना? घाबरवते. ते माझं काम आहे, ते चोख करीन. पण जेवताना मी कुणाला घाबरवत नसते. जेवताना मी जेवते.

पेंडलटन: मग वर काय सांगू?

वर्ना: बाई आत गेली म्हणून सांगा. काढायचं तर काढू देत.

ओटो: आणि माझी सही खोडा, साहेब. खोडा म्हणतो ना! नाहीतर कागदच द्या इकडे, खाऊन टाकतो. भूक लागलीच आहे.

वर्ना: आता दार तेवढं उघडा.

पेंडलटन: मी?

वर्ना: एरवी मी पायानं उघडते. पण पोर गळ्यातल्या झोळीत असली की एका पायावर उभी राहत नाही. पडले तर तिला लागेल.

पेंडलटन: ओटोला सांगा.

ओटो: कडी माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे, साहेब. उडी मारू?

पेंडलटन: ...सरका. पण मी उघडलं हे कुठे बोलू नका.

वर्ना: नाही बोलणार. चला, काका.

ओटो: वर्ना... सगळ्यांनी चमचे खाली ठेवले.

वर्ना: ठेवू देत. त्या खिडकीपाशी बसू या. तिथे लॉटीला ऊन मिळेल.