किराण्याचं लाल पाकीट

हसू नको वं, पण आमच्या घरी सध्या पाकिटांचं राज्य आहे. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे यायनं, मोबाईलवर हिशेबाचं अ‍ॅप घेतलं. त्यात किराण्याचं पाकीट वेगळं, पेट्रोलचं वेगळं. ज्यात जेवढं टाकलं तेवढंच खर्चायचं.

एक तारखेले पगार झाला, यायनं मोठ्या थाटात पाकिटं भरली. मी म्हटलं, "तेल-तांदूळ संपले, जरीपटक्याच्या बाजारातून घेऊन या."

"जमत नाही. किराण्याचं पाकीट लाल झालं, मायनसमध्ये आहे."

"काहून? महिना तर आजच लागला."

"मागच्या महिन्याचा किराणाही त्यातच टाकला. हिशेब पुरा पाहिजे."

"अहो, तो मागच्या पगारातून गेला ना."

"तुले नाही समजत. अ‍ॅप सांगून राहिलं."

आमच्या घरात एम.कॉम. ते एकटेच, म्हणून मी वाद नाही घातला. संध्याकाळी त्यांच्यासमोर रिकामं ताट ठेवलं.

"हे काय वं?"

"तुम्ही मागच्या महिन्यात जेवले, ते मीही याच महिन्यात टाकलं. तुमचं एकतीस तारखेपर्यंतचं जेवण होऊन गेलं."