शेवंताकाकूंच्या टीव्हीतला हिरवा डाग

हसणार नसाल तर सांगतो. बेंबळी गावात शिलाईकाम करणाऱ्या शेवंताकाकू म्हणजे माझ्या टीव्ही-दुरुस्तीच्या धंद्यातलं पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्या जुन्या, खोक्यासारख्या रंगीत टीव्हीत वरच्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला. मी टीव्ही माझ्याकडे नेला आणि पडद्यासमोर रंग सुधारायची कॉइल फिरवून तो घालवला. आठ दिवसांत डाग परत. मग पुन्हा नेऊन आतला एक पार्ट बदलला. तरीही डाग परत.

तिसऱ्या खेपेला काकू म्हणाल्या, "बातम्यावाल्या बाईचं अर्धं तोंड हिरवं दिसतंय बघ. तुला जमत न्हाय तर सांग, धाराशिवला नेते."

पहिलंच गिऱ्हाईक गेलं तर गावात पुन्हा कोण बोलावणार? या वेळी काकूंच्या घरीच सगळं सर्किट तपासलं, ठीक होतं. शेवटी टीव्हीवर टाकलेलं कापड उचललं, तर खाली जाडजूड लोहचुंबक, शंभरभर टाचण्या चिकटलेलं! चुंबक जवळ असलं की पडद्यावरचे रंग बिघडतातच.

जन्मात पहिल्यांदा माझा आवाज चढला. "काकू, ह्यानंच डाग पडतोय! असलं खूळ कुणी घातलं तुमच्या डोक्यात?"

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "तूच की रे. दिवाळीत स्पीकर बदललास, तवा जुन्यातलं हे चुंबक काढून दिलंस. म्हणालास, 'टाचण्या हरवणार न्हाईत, काकू.'"