सदाने वाचलेलं डच चित्र

दुबईत अल क्वोजच्या फ्रेमिंग वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढली मी, पण त्या दिवशी जेवढा जळलो ना, तेवढा कधीच नाही.

झालं काय, एक डच मॅडम जुना कागद घेऊन आल्या. हॉलंडमधलं एकोणिसाव्या शतकातलं छापील चित्र. छोट्या छोट्या चौकटींत एक विनोदी गोष्ट, खाली डच ओळी. मी आपला सीनियर, इंग्लिश फाडत म्हणालो, "मॅडम, कलर लाइनच्या बाहेर गेलाय. क्लीन करू?"

"अजिबात नको!" त्या घाबरल्याच. "गरिबांच्या पोरांसाठी घाईघाईने हाताने रंगवायचे हे. तीच तर मजा आहे."

तेवढ्यात आमचा सदा डोकावला. गुहागरचा, नुकताच लागलेला. डच सोडा, त्याला इंग्लिशही येत नाही. पण चौकटींवर बोट फिरवत हिंदीत सुरूच झाला, "ये आदमी गधे को बाजार ले जा रहा है. गधा बोला, मैं नहीं आता. अब देखो, गधा आगे, आदमी पीछे! और खलास, दोनों पानी में!"

मला ते इंग्लिशमध्ये सांगावं लागलं, आणि मॅडम हसून हसून डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, "अक्षरओळख नसलेली माणसं तेव्हा अशीच वाचायची. ह्याला कळलंय हे चित्र!"

मग सदाला चित्राशेजारी उभं केलं आणि मोबाइल दिला माझ्या हातात.

काढला फोटो. चित्र झकास आलं. सदाचं डोकं तेवढं कापलं गेलं.

चुकून नाही हां.