व्हय वहिनी, तानाजी भ्यालता

आबा, सुनंदावहिनी, खोतांच्या घरची सगळी मंडळी, गावकरी, आणि लांबलांबनं आलेले पावणं,

मी दस्तगीर मुजावर. हातकणंगल्याचा. फौजेत तानाजी खोताच्या तुकडीतला. एकाच डोझरवर आमची जोडी. तो वर बसून मशीन चालवायचा, मी खाली उभा राहून हातानं खुणा करायचो. पुढं घे, थांब, मागं घे. कधी मी वर, तो खाली. बरीच वर्षं हेच केलं आम्ही.

मला भाषण येत नाही.  

माझ्या आधी बोलली ती मंडळी चांगलं बोलली. मनापासनं बोलली. तानाजी निधड्या छातीचा होता. तानाजीला भीती ठाऊक नव्हती. बाहेर चौकात फ्लेक्स लावलाय, त्यावरबी तेच लिहिलंय. मी खाली बसून ऐकत होतो आणि वहिनी माझ्याकडं बघत होत्या.

कारण काल वहिनींनी मला घरात बोलावून घेतलं. चहा दिला. आणि विचारलं, "भावजी, खरं सांगा. शेवटी ते भ्यालतं का?"

 मी कप ठेवला आणि उठून आलो. उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

व्हय वहिनी. तानाजी भ्यालता.

मंडळी, जरा थांबा. मला बोलू द्या. आबा, तुमच्या लेकाबद्दल असं बोललो म्हणून रागवू नका.

आमची तुकडी रस्ते बांधती. फौजेत सगळेच बंदूक घेऊन उभे नसतात. तोफ वर न्यायची तर रस्ता लागतो. पीठ, रॉकेल, औषध, सगळ्याला रस्ता लागतो. तो आम्ही करायचा. अरुणाचलच्या डोंगरात, जिथं एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, तिथं कडा फोडायचा, रस्ता काढायचा. पाऊस आला की डोंगर खाली येतो आणि रस्ता घेऊन जातो. मग पुन्हा काढायचा. पत्र्याच्या खोलीत राहायचं. अंथरूण कधी सुकत नाही. बुटात जळवा. घरी फोन लावायचा तर टेकडीवर चढून हात वर धरून उभं राहायचं, आणि वहिनी, "जेवलात का" एवढं ऐकू आलं की लाईन जायची.

नवा होतो तेव्हा मी तानाजीला म्हणालो होतो, "लेका, तू राधानगरीचा. तुमच्याकडं पावसाला कमी हाय का? तुला कसलं भ्या?"

तो म्हणाला, "आमच्याकडं पाऊस वरनं पडतोय रं. हितं डोंगर पडतोय."

तो भ्यायचा, मंडळी. रोज भ्यायचा. मशीनवर चढायच्या आधी तो कड्याकडं बघत उभा राहायचा. बाकीचे हसायचे. कुणी म्हणायचं, खोत डोंगराला मुजरा करालाय. मीबी हसायचो. तो माझ्याकडं वळून हळूच म्हणायचा, "दस्तगीर, आज डोंगर बरा दिसंना." रोज म्हणायचा. आणि रोज चढून बसायचा.

सुट्टीवर आला तरी ते सुटत नव्हतं. वहिनींनीच सांगितलं मला. पन्हाळ्याला निघाले होते सगळे, गाडी करून. घाटाला लागल्यावर हा काच खाली करून मान बाहेर काढून वर बघत बसला. वहिनी म्हणाल्या, "काय बघालाय वर?" तर म्हणाला, "काय न्हाई, माकडं." पोरीनंबी मान बाहेर काढली. माकडं कुठं दिसली नाहीत.

वहिनी, ती माकडं नव्हती. ते तुम्हाला आता कळलं असंल.

आता त्या दिवसाचं सांगतो. सरकारी कागदावर दोन ओळी लिहून आल्यात. त्या दोन ओळींत काय झालं ते नाही.

पाऊस उघडला होता. ऊन पडलं होतं. लोकांना वाटतं, ऊन पडलं म्हणजे धोका टळला. तसं नसतंय. भिजून भिजून माती सैल झालेली असती आणि दगड आपल्या जागेवर नुसते टेकलेले असतात. आमच्या वळणावर मोठी दरड आली होती. पलीकडं वरच्या चौकीचं रेशन अडकलं होतं. तानाजी मशीनवर, मी खाली. रस्त्याच्या कडेला खाली नाला आहे, त्यावरची मोरी मातीनं बुजलेली. ती उघडली नसती तर पाण्यानं उरलेला रस्ताबी कापला असता. म्हणून मजुरांची एक टोळी खाली नाल्यात उतरून फावड्यानं माती ओढत होती. झारखंडची माणसं. बाया, गडी.

आणि त्यांच्यातलीच एक, फुलमणी नावाची, समोर उंच खडकावर बसलेली. तिच्या गळ्यात शिट्टी. तिनं दिवसभर फक्त डोंगराकडं बघायचं. एक दगड हलला तरी शिट्टी मारायची. शिट्टी झाली की आमचा नियम ठरलेला. हातातलं टाकायचं, मशीन सोडायचं आणि पळायचं. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. साहेबांनी आम्हाला हे शिकवलं होतं, आम्ही नव्या पोरांना शिकवत होतो. तानाजी तर दरडावून शिकवायचा. म्हणायचा, मशीन दुसरं मिळतंय.

दुपारी शिट्टी झाली.

मी वर बघितलं. पहिल्यांदा धूळ दिसली. मग लहान दगड. टप टप टप. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. मी ओरडलो, "तानाजी, सोड! पळ!" हातानं खूण केली. मी स्वतः मागं सरकलोच होतो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. वहिनी, त्याचं तोंड मी बघितलंय. पांढरंफटक पडलेलं. ओठ हलत होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरनं कळत होतं. "आई, आई, आई." हेच चाललेलं. ते भ्यालेल्या माणसाचं तोंड होतं. त्यात दुसरं काही नव्हतं.

मग त्यानं खाली नाल्याकडं बघितलं. तिथली माणसं चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेली. वर यायला एकच वाट, तीबी निसरडी. ती माणसं वर चढेपर्यंत दगड त्यांच्या डोक्यात येणार होते.

तानाजीनं मशीन वळवलं. अख्खं धूड आडवं घातलं, वाटेच्या तोंडावर. पुढचं पातं उचलून डोंगराकडं धरलं. दार उघडून उडी मारायची, तर हा दार ओढून बसला. दगड येऊन पात्यावर आदळायला लागले. तो आवाज... तो आवाज मी तुम्हाला सांगू शकत नाही.

त्या आडोशानं माणसं वर आली. एकेक करून. एक बाई हातापायावर रांगत आली. शेवटचा गडी आला आणि डोंगर सुटला.

आमच्या डोळ्यांदेखत मशीन कलंडलं आणि त्याच्यावर माती आली. 

आम्ही धावलो. हातानं उकरायला लागलो. दुसरं मशीन आणायची सोय नव्हती. इंजिन चालू केलं असतं तर त्या हादऱ्यानं वरचं राहिलेलं खाली आलं असतं. केबिनच्या खिडकीचा एक कोपरा सापडला. मी तोंड लावून हाक मारली.

आतनं आवाज आला. "कोण ऱ्हायलं खाली?"

मी म्हटलं, "कुणी न्हाई. सगळी वर आली."

 नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "दस्तगीर, मला लई भ्या वाटालंय. बोलत ऱ्हा."

काय बोलावं, मंडळी? त्या वेळी माणसाला काय सुचतंय? मी त्याला विचारलं, तुमच्या म्हशीला काय झालं, रेडा का रेडी? तो म्हणाला, रेडी. मी म्हटलं, मग पेढे कुठायत? तो म्हणाला, "भाईर काढ, मग देतो." आम्ही असलं बोलत होतो. आणि बोटं उकरत होती.

मी त्याला विचारलं, "का न्हाई पळालास रं?"

तो म्हणाला, "पायच उचललं न्हाईत लेका. भ्यानं."

त्यानं मला हेच सांगितलं. तेच मी तुम्हाला सांगितलं. मी जास्तीचं काही लावणार नाही. पण मी समोर उभा होतो. पाय उचलले नसतील, पण हात चालत होते. लिव्हर त्याच्या हातानंच ओढला होता. मशीन आपोआप आडवं होत नाही.

तेवढ्यात फुलमणीची शिट्टी पुन्हा वाजली. साहेब ओरडले, "सब पीछे! सब पीछे!" मी खिडकीपाशी तसाच. आतनं तानाजी म्हणाला, "शिट्टी झाली न्हवं? मग जा की."

मी म्हटलं, येतो परत.

"यी. पण आधी जा."

मला त्याच्या आवाजावरनं कळत होतं. त्याला एकटं पडायचं नव्हतं. कुणाला पडायचं असतं? तरी जा म्हणाला. आम्ही मागं पळालो, दगड येऊन गेले, आम्ही परत आलो. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही.  तिसऱ्या हाकेला आतनं आलं, "आलास व्हय?"

वहिनी, त्याला आम्ही जिवंत काढला. हे कागदात नाही. दिवस मावळायच्या आत काढला. कमरेखाली काही राहिलं नव्हतं, पण शुद्धीवर होता. ढगांमुळं हेलिकॉप्टर येईना, म्हणून गाडीत घातला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. आणि खाली दवाखान्याकडं जाताना, रस्ता पुढं बंद.

दुसरी दरड. दुसरी तुकडी ती काढत होती. आम्ही गाडीत थांबलो. डोझरचा आवाज येत होता. तानाजीनं डोळे उघडले. विचारलं, "कोण चालवालंय?"

मी म्हटलं, दुसऱ्या तुकडीतला कोण तरी हाय.

तो म्हणाला, "त्याला म्हणावं, वर बघत जा."

रस्ता उघडला तेव्हा तो नव्हता.

हे झालं, वहिनी. असं झालं. तो हसत गेला, भारतमातेचं नाव घेत गेला, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर त्यांनी तुमच्यावर माया म्हणून सांगितलं. मी तिथं होतो. तो आईचं नाव घेत होता, तो भ्याला होता, आणि दार ओढून बसला होता. नाल्यातनं वर आलेली ती सगळी माणसं आज कुठंतरी भात खात असतील. फुलमणी आमच्याबरोबर रडत होती. तिचा नवरा त्या नाल्यात होता.

आबा, तुमचा मुलगा भित्रा होता असं मी सांगत नाही. फ्लेक्सवरच्या माणसाला भीतीच नव्हती, मग त्याला थांबायला किती बळ लागलं? काहीच नाही. आपल्या तानाजीला किती लागलं, ते मी बघितलंय.

आता माझं. सुट्टी संपली की मला परत जायचंय. तुकडी तीच, वळण तेच. परवा कोल्हापुरात स्टँडजवळ रस्ता ओलांडत होतो. ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी मारली. मंडळी, मी पळालो. बायकोचा हात सोडून पळालो. एका रसवंतीच्या गाड्याला जाऊन धडकलो. लोक बघायला लागले. गाडेवाला म्हणाला, "काय झालं पावणं?" काय सांगणार त्याला? अम्मी घरी म्हणती, नोकरी सोड.  रोज सकाळी उठून मी आढ्याकडं बघतो, पडंल का म्हणून. पत्र्याचं छप्पर आहे. ते काय पडणार?

मला भ्या वाटतंय. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. तानाजी बोलायचा, आणि त्याला आम्ही हसायचो.

म्हणून एकच मागणं आहे. या गावातनं, शेजारच्या गावातनं बरीच पोरं फौजेत आहेत. ती सुट्टीवर आली की तुम्ही पाठीवर थाप मारता. म्हणता, वाघ हाईस तू, तुला कसलं भ्या? असं नका म्हणू. त्यांना जवळ बसवा आणि विचारा, भ्या वाटतंय का? आणि ते बोलायला लागले की मध्ये बोलू नका. हसू नका.

मी तानाजीबरोबर इतकी वर्षं होतो. त्याला एकदाबी विचारलं नाही की तू रोज कसा चढतोस. आता विचारायला तो नाही. मला एकट्यालाच चढायचंय.

झालं माझं. आता मंडळी, तानाजीसाठी जरा उभं राहूया. कुणी घड्याळ लावू नका. जेवढा वेळ होईल तेवढा होऊ द्या. ज्याला रडू येईल त्यानं रडावं, आवाज आला तरी चालंल.

सुनंदावहिनी, तुम्ही उठू नका. तुम्ही लई दिवस उभ्या आहात. तुम्ही बसून ऱ्हावा. आम्ही उभं ऱ्हातो.